देव पाण्यात

शीळफाट्यावर माणूस पोचतो म्हणजे अडकतो. मुंब्रा, पनवेल, महापे आणि कल्याण अशा चारी दिशांची वाहने तेथे एकमेकांची विचारपूस करीत उभी असतात. बुलेट ट्रेनवाल्यांनी हे ओळखले असावे. त्यांनी वांद्रे-कुर्ला संकुलापासून शीळफाट्यापर्यंत २१ किलोमीटरचा बोगदाच काढायला घेतला, त्यातले ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून! शीळफाट्याला जावे तर पाण्याखालून, हे सरकारला पटले. त्याआधी ते माझ्या भाच्याला पटले होते.

हा भाचा मालवणकडे पाणबुड्या आहे. तारकर्लीच्या समुद्रात तो पर्यटकांना मासे दाखवतो. मे महिन्यात डोंबिवलीला आमच्याकडे आला तो हवेचे सिलिंडर, काचेचे मुखवटे आणि शिशाच्या वजनांचा पट्टा घेऊनच. "मामा, समुद्राआधी तळ्यात शिका," म्हणाला. पांडवांनी बांधले असे लोक सांगतात ते खिडकाळीचे महादेवाचे देऊळ मागे टाकून आम्ही एका गावतळ्यावर गेलो. पांडवांवरून मला डोहात लपलेला दुर्योधन आठवला. जलस्तंभनाची विद्या जाणणारा आपला तो आद्य पाणबुड्या. पण त्यालाही शेवटी टोमणे मारूनच बाहेर काढावे लागले.

वरचे हातभर पाणी बंबातल्यासारखे तापले होते. पहिला संस्कार म्हणजे मुखवट्यात थुंकणे. त्याने काचेवर वाफ धरत नाही. "आणि तोच उष्टा मुखवटा तोंडाला लावायचा?" सौभाग्यवतींनी काठावरून विचारले आणि हा गृहस्थ आपल्या ओळखीचा नव्हे अशा चेहऱ्याने त्या रस्त्याकडे पाहू लागल्या.

मग पट्टा. खारे पाणी माणसाला जास्त उचलून धरते, गोडे तितके धरीत नाही. म्हणून तळ्यात शिसे कमी लागते. भाच्याचा हिशेब मालवणचा होता. त्या हिशेबाने मी सरळ गाळात गेलो. 'गाळात जाणे' हा वाक्प्रचार मी वीस वर्षे वर्गात शिकवतो आहे. त्याला एक 'फस्स' असा आवाज असतो, हे कोशात दिलेले नाही.

खाली पाणी एकदम गार. तापलेले पाणी हलके, ते वरच राहते. कान दुखू लागले. नाक चिमटीत धरून जोर करताच टक्कन मोकळे झाले. खरी घुसमट निराळीच होती. तोंडात रबरी नळीचे टोक धरून मराठीच्या प्राध्यापकाने गप्प बसायचे! अशा वेळी भाच्याने मला अंगठा दाखवला. मराठीत अंगठा दाखवणे म्हणजे काय, हे का सांगायला हवे? पाणबुड्यांच्या भाषेत मात्र त्याचा अर्थ 'वर चला'. दोन भाषांच्या या झगड्यात मी होतो तिथेच रुतून राहिलो.

गढूळ पाण्यात हाताच्या पलीकडले दिसत नव्हते. तेवढ्यात समोर दुसराच एक हात आला. भलामोठा, पंजा उघडा, बोटे माझ्याकडे. मुखवट्याच्या काचेतून वस्तू तिसऱ्या हिश्श्याने मोठी दिसते, हे ज्ञान मला होते. त्या क्षणी त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. माझे बुडबुडे पाहून वर सौभाग्यवतींना तळे उकळते आहेसे वाटले म्हणे.

मग हातामागे सोंड दिसली.

आशीर्वादाचा हात होता तो. शाडू पाण्यात विरघळतो. हे प्लास्टरचे, रंग उडालेले, पण डोळे शाबूत. शेजारी दुसरे, त्यांच्या मांडीवर आडवे झालेले तिसरे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्लास्टरच्या मूर्ती नकोत म्हणून सांगितले आहे. पण गाळापर्यंत सूचना कशा पोचाव्यात? आपल्याकडे नवस फळेपर्यंत देव पाण्यात घालून ठेवतात. यांना कोणी कशासाठी ठेवले होते? 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणून वाजतगाजत निरोप दिलेले हे पाहुणे कुठे गेलेच नव्हते.

भाच्याने मला काखेत धरून वर आणले. काठावर धुणे धूत बसलेली एक म्हातारी मोगरी टाकून पुढे आली.

"मास्तर, खाली काय हाय?"

"गणपती."

तिने ओले हात जोडले, डोळे मिटून काही पुटपुटली. मग डोळे उघडून हळूच विचारले, "किती?"