डॅश सीपुढची जागा

एफएफएमपेग या कमांड लाइनवरून, म्हणजे पडद्यावरच्या बटणांऐवजी टंकलेल्या आज्ञांनी, चालणाऱ्या दृक्‌श्राव्य प्रणालीच्या दस्तऐवजीकरणात सर्वांत अवघड नोंद कोणती, असे विचारल्यास बहुतेक जाणकार फिल्टरांच्या लांबलचक प्रकरणाकडे बोट दाखवतील. वस्तुतः ती नोंद दोन-तीन ओळींचीच आहे आणि ती ‘डॅश सी’ या पर्यायाची आहे. या पर्यायापुढे कोडेकचे नाव लिहावे, असे मूळ दस्तऐवज सांगतो. कोडेक म्हणजे चित्र किंवा ध्वनी संकुचित करून साठवण्याची पद्धत, एवढे या व्यवसायातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. परंतु हा पर्याय आउटपुट फायलीच्या आधी आला तर त्या जागी एन्कोडरचे, म्हणजे संकोचन करणाऱ्या यंत्रणेचे, नाव अपेक्षित असते. इनपुट फायलीच्या आधी आला तर डीकोडरचे, म्हणजे संकुचित चित्र किंवा ध्वनी उलगडणाऱ्या यंत्रणेचे. आणि तिसरी शक्यता ‘कॉपी’ या शब्दाची, जो पद्धतही नाही आणि यंत्रणाही नाही, तर चित्राचा किंवा ध्वनीचा प्रवाह आहे तसाच पुढे सरकवावा एवढी सूचना आहे. त्यातून पद्धतीचे नाव लिहिले तरी प्रणाली त्या पद्धतीचा एखादा एन्कोडर आपणहून निवडते, त्यामुळे चुकीच्या समजुतीने काम करणाऱ्यालाही फाइल मिळते आणि समजूत वर्षानुवर्षे तशीच राहते.

पद्धत आणि यंत्रणा यांची अशी सरमिसळ ओतकामात चालत नाही: कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या फाउंड्रीत ड्रॉइंग, पॅटर्न आणि कास्टिंग हे तीन शब्द कोणी एकमेकांच्या जागी वापरत नाही. एकाच ड्रॉइंगवरून दोन कारखाने कास्टिंग काढतात, त्यांची सफाई आणि खर्च निराळा पडतो, पण दोन्ही तुकडे त्याच गेजमध्ये बसावे लागतात. एच.२६४ हे असे ड्रॉइंग आहे. २००३ साली मंजूर झालेले चित्रसंकोचनाचे हे प्रमाणक बिटप्रवाहाची रचना आणि तो उलगडण्याची रीत ठरवते. तो प्रवाह घडवायचा कसा, हे मात्र ते मुद्दाम मोकळे सोडते. म्हणून लिबएक्स२६४ हा एन्कोडर आणि ग्राफिक्स कार्डावर चालणारा एनव्हेंक हा एन्कोडर यांनी काढलेल्या फायली एकच डीकोडर वाचू शकतो, पण दोघांना द्यायच्या सूचना वेगळ्या असतात. दर्जा स्थिर ठेवणारा ‘सीआरएफ’ हा अंक, जो काही न सांगितल्यास २३ धरला जातो, तो लिबएक्स२६४चा आहे, एच.२६४चा नव्हे; एनव्हेंकसाठी ‘सीक्यू’ हा दुसरा पर्याय आहे. ‘एच.२६४ला सीआरएफ २३ द्यावा’ हे वाक्य मराठी टिपणांत आणि इंग्रजी पुस्तिकांत सर्रास आढळते, आणि ते लिहिणारा ड्रॉइंगवर भट्टीचे तापमान नोंदवत असतो.

प्रस्तुत लेखक एफएफएमपेगच्या पर्यायांवर जी टिपणे लिहितो, त्यांना वळण मिळाले ते हाताखाली काम शिकणाऱ्या एका मुलीच्या प्रश्नाने. लग्नाच्या दोन तासांच्या चित्रीकरणातून मंगलाष्टकांचा तेवढा तुकडा वेगळा काढताना तिने वेळ अचूक दिली होती, डॅश सीपुढे कॉपी लिहिले होते, आणि तरीही तुकडा कित्येक सेकंद आधीपासून, अंतरपाट धरण्याच्या गडबडीपासून, सुरू होत होता. “सर, कॉपी हा कोडेक असेल तर तो संकुचित काय करतो?” एवढेच तिने विचारले. उत्तर असे की तो काहीच करत नाही, आणि तुकडा आधीपासून सुरू होण्याचे कारणही तेच आहे. संकुचित चित्रप्रवाहात मधूनमधून येणारी कीफ्रेमच तेवढी संपूर्ण चित्र असते. तिच्यानंतरच्या फ्रेम्समध्ये मुख्यतः बदलांचीच नोंद असते. लिबएक्स२६४ आपल्या मूळ मांडणीनुसार दोन कीफ्रेम्समध्ये २५० फ्रेम्सपर्यंत अंतर पडू देतो, म्हणजे आपल्याकडच्या सेकंदाला २५ फ्रेम्सच्या चित्रीकरणात दहा सेकंद. इनपुटच्या आधी ‘डॅश एसएस’ने सुरुवातीची वेळ दिली की प्रणाली त्या वेळेच्या मागच्या कीफ्रेमपाशी जाते, उलगडून पुन्हा संकोचन करायचे असेल तर मधला भाग उलगडून टाकून देते, आणि कॉपी सांगितले असेल तर तो भाग ठेवून देते, कारण उलगडण्याची पायरीच तिथे वगळलेली असते. हा खुलासा मूळ दस्तऐवजात डॅश एसएसच्या नोंदीत आहे. परंतु डॅश सीची नोंद वाचणाऱ्याला तिथे जाण्याचे कारण दिसत नाही.

त्या प्रश्नानंतर कॉपीची व्याख्या पुन्हा पुन्हा लिहिली गेली आणि प्रत्येक वेळी ती कुठेतरी गळू लागली. ‘दर्जा न घटवता रूपांतर’ असे म्हणावे तर रूपांतर पेटीचे, म्हणजे प्रवाह ज्यात भरले जातात त्या कंटेनरचे असते, प्रवाहाचे नव्हे. ‘फक्त पेटी बदलणे’ असे म्हणावे तर नव्या पेटीत त्या प्रवाहाला जागा असावी लागते: घरोघरच्या जुन्या मिनीडीव्ही कॅसेटींवरून उतरवलेला डीव्ही चित्रप्रवाह क्विकटाइमच्या पेटीत बसतो, पण गिऱ्हाईक ज्या ‘एमपी फोर’चा आग्रह धरते, त्या पेटीत कॉपी करून बसत नाही. ‘फाइलची नक्कल’ हा अर्थ तर सरळच चुकीचा आहे, आणि शब्द वाचताक्षणी मनात येतो तो तोच.

या खटपटीतून एक मत पक्के झाले, ते असे की अशा प्रणालीत शब्दाचा अर्थ शब्दकोशाने ठरत नाही, आज्ञेतल्या त्याच्या स्थानाने ठरतो. कोल्हापूरच्याच संदर्भात बोलायचे तर बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आणला त्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवला जाई आणि सेकंदाच्या फ्रेम्सची संख्या हात ठरवी. अशा मूकपटाचे रीळ फ्रेमला फ्रेम उतरवून सेकंदाला २५च्या गतीने फायलीत भरले असेल तर माणसे घाईघाईने चालताना दिसतात. तिथे फ्रेम्सची गती सांगणारे ‘डॅश आर १८’ हे इनपुटच्या आधी लिहिले तर फायलीतले काळाचे शिक्के बाजूला ठेवून प्रत्येक फ्रेम राखली जाते आणि चाल सावकाश होते. तेच आउटपुटच्या आधी लिहिले तर घाई तशीच राहते आणि दर सेकंदाच्या २५ फ्रेम्सपैकी सात गाळल्या जातात. एकच शब्द आधी गृहीतक असतो आणि नंतर कृती होतो, आणि जपणुकीच्या कामात हा फरक म्हणजे चित्रपट राखणे आणि चित्रपट खुडणे यांतला फरक आहे.

अलीकडे तयार आज्ञांचे संग्रह दस्तऐवजाची जागा घेऊ लागले आहेत, आणि यंत्राकडून आज्ञा लिहून घेण्याची सोय झाल्यापासून तर पर्यायाची नोंद उघडून पाहणेच मागे पडत चालले आहे. अशा संग्रहांत आज्ञा बहुधा बरोबर असते. तिच्याखालचे स्पष्टीकरण बरोबर नसते, आणि पुढची आज्ञा मात्र त्या स्पष्टीकरणावरून बेतली जाते. सैल शब्दाची किंमत एफएफएमपेग प्रकल्पाने स्वतःही मोजली आहे. २००० साली फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेल्या एफएफएमपेगमधून २०११ मध्ये लिबएव्ही ही शाखा फुटली, डेबियन आणि उबुंटू या लिनक्स वितरणांनी ती स्वीकारली, आणि तिच्यातली ‘एफएफएमपेग’ ही आज्ञा चालवली की हा प्रोग्राम आता कालबाह्य असून त्याऐवजी ‘एव्हीकॉन्व्ह’ वापरावा, अशी सूचना उमटू लागली. ‘हा प्रोग्राम’ म्हणजे त्या शाखेतली त्या नावाची आज्ञा. वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी मात्र सगळा एफएफएमपेग प्रकल्पच संपला असा अर्थ घेतला. डेबियनने २०१५ मध्ये पुन्हा एफएफएमपेग घेतले, तरी तो समज त्यानंतरही बराच काळ ऐकू येत राहिला. असे वाक्य लिहिणाऱ्याला ते स्पष्टच वाटलेले असते, हे या कामातले खरे दुखणे आहे.

त्याचबरोबर हेही लपवण्यात अर्थ नाही की नेमक्या शब्दाचा हा आग्रह केवळ वाचकाच्या सोयीसाठी नसतो. आपण घडवलेली व्याख्या दुसऱ्या स्टुडिओतल्या अनोळखी संकलकाच्या तोंडी जशीच्या तशी ऐकू आली की होणारा आनंद निखळ अहंकाराचा असतो, आणि नोंद आटोपशीर ठेवण्याच्या हट्टातही उपयुक्ततेपेक्षा शैलीची हौस अधिक असते. त्या हौसेला आता मुरड घालावी लागली आहे: टिपणांतली डॅश सीची नोंद तीन ओळींवरून पाऊण पान झाली असून तिच्यात एन्कोडर, डीकोडर आणि कॉपी यांना स्वतंत्र परिच्छेद मिळाले आहेत. त्या मुलीचे म्हणणे असे की कॉपीला तिथून उचलून पेटी बदलण्याच्या प्रकरणात न्यावे, कारण तत्त्वतः कॉपीचे घर तेच आहे. तत्त्व तिच्या बाजूने आहे. परंतु अडलेला माणूस आपण टंकलेल्या अक्षराच्या नावाखाली उत्तर शोधतो, तत्त्वाच्या नावाखाली नव्हे, म्हणून तो परिच्छेद डॅश सीखालीच राहील, आणि कॉपी हा कोडेक नव्हे, हे त्याचे पहिले वाक्य असेल.