जावक

एका लहान त्रैमासिकाच्या संपादनात मी काही वर्षे मदत करीत असे. लेखकांना पोच, स्वीकृती वा नकार कळवणे हे माझे काम. व्यवसाय प्रोग्रॅमिंगचा असल्याने त्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम २००७ साली मीच लिहिला होता.

त्याच्या पहिल्या रूपात 'पाठवा' हे बटण दाबले की पडद्यावरची खिडकी गोठून जाई. कारण साधे होते. खिडकी रंगवणे, कळफलक आणि माऊस यांची दखल घेणे ही सारी कामे एकच थ्रेड करीत असतो. त्यालाच पत्र देऊन सर्व्हरकडे धाडले, तर तो परतेपर्यंत घरी हाक ऐकायला कोणी उरत नाही. "तुमचं यंत्र समाधीत गेलं," असे संपादक म्हणत.

उपाय हाताशी होता. डॉट नेटच्या २००५ सालच्या आवृत्तीत 'सेंड-असिंक' ही सोय आली होती. पत्र तिच्या हवाली करायचे, आपण पुढच्या कामाला लागायचे. काम संपले की, यश असो वा अपयश, तशी वर्दी येते. मी ती वापरली. खिडकी गोठणे थांबले आणि बटण दाबताक्षणी 'पत्र पाठवले' अशी ओळ उमटू लागली. वर्दीची वाट न पाहता ती ओळ मीच उमटवीत होतो. 'पाठवायला घेतले' आणि 'पाठवले' यांतला फरक, क्रियापदांवर पोसलेल्या माझ्यासारख्याच्या तरी लक्षात यायला हवा होता.

महाविद्यालयात मला शिकवलेल्या सरांनी त्रैमासिकाला एक दीर्घ लेख दिला होता. लेख उत्तम होता, शेवट मात्र घाईत उरकलेला. तो वाढवून द्याल का, असे मी त्यांना लिहिले. उत्तर आले नाही. सर दुखावले असावेत, असे आम्ही मनाशी ठरवले आणि संकोचाने पुन्हा विचारले नाही. दोन वर्षांनी एका व्याख्यानाला भेटले, तेव्हा म्हणाले, "नकार तरी कळवायचास रे."

घरी येऊन शोध घेतला. प्रत्येक पत्राची एक प्रत आमच्याच पेटीत येईल अशी व्यवस्था होती. त्या दिवसाच्या इतर पत्रांच्या प्रती होत्या, सरांच्या पत्राची नव्हती. ते दिवसातले शेवटचे पत्र. बटण दाबून, ती ओळ वाचून, मी समाधानाने खिडकी बंद केली असणार. प्रोग्रॅम संपला आणि वाटेतले पत्र त्याच्याबरोबर संपले. एसएमटीपीच्या नियमांनुसार सर्व्हरने '२५०' हा आकडा उच्चारला की पत्र पोचवण्याची, निदान न पोचल्याचे कळवण्याची जबाबदारी त्याची होते. त्याआधी ती सर्वस्वी आपली.

'युडोरा' हा ईमेलचा प्रोग्रॅम स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ साली इलिनॉय विद्यापीठात लिहिला. त्याचे नाव युडोरा वेल्टी यांच्यावरून ठेवलेले आहे. 'व्हाय आय लिव्ह ॲट द पी. ओ.' ही त्यांची १९४१ सालची कथा डॉर्नर यांच्या मनात होती. कथेतली निवेदिका घरच्यांशी भांडून पोस्टात राहायला जाते आणि घरचे पोस्टाकडेच पाठ फिरवतात. तिथला अबोला ठरवून धरलेला आहे; आमचा कोणीच धरला नव्हता. तरीही दोन्ही बाजूंनी त्याचा अर्थ लावला, आणि तोही किती आत्मविश्वासाने! मौनाच्या जागा वाचायला आम्हांला सरांनीच शिकवले होते. असो.

दुरुस्ती सरकारी कचेरीतल्या कारकुनालाही सुचली असती. तिथे कागद बाहेर पडण्याआधी जावक नोंदवहीत चढतो. मीही पत्र आधी डिस्कवर लिहू लागलो, मग पाठवू लागलो, आणि वर्दी आल्यावरच त्यापुढे खूण करू लागलो. खूण नसलेली पत्रे प्रोग्रॅम पुन्हा उघडताच नव्याने निघत. वर्दी येण्याआधी खिडकी बंद करू पाहिल्यास तो थांबवी.

हे सगळे मी सरांना जाऊन सांगितले. थ्रेड म्हणजे काय तेही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. लेख पुढे न्यायचा उत्साह आता उरला नाही, म्हणाले. मग थोड्या वेळाने विचारले, "पण लिहिलं काय होतंस?"

मतितार्थ मी सांगू शकलो. नेमके शब्द आठवेनात, आणि प्रत कुठेच नव्हती.