शिरमान गुरुजींची धर्मशाळा

मुलांनो, परदेशची सहल म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? विमान, बर्फ, उंच इमारती, आईस्क्रीम! पण सहल नेणाऱ्या शिक्षकांना विचाराल, तर त्यांच्या डोक्यात पहिला प्रश्न वेगळाच असतो. रात्री मुक्काम कुठे करायचा? चाळीस मुलं झोपणार कुठे, जेवणार कुठे, आंघोळीची रांग कशी लावायची? आणि मुख्य म्हणजे, हे सारं पालकांच्या खिशाला परवडणार का?

मी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे हा हिशेब माझ्या ओळखीचा आहे. मुक्कामाचा खर्च वाढला की सहलीच्या यादीतली नावं गळू लागतात. आणि गंमत बघा, गळतात ती नेमकी त्या मुलांची नावं, ज्यांनी गावाबाहेरचं जग फारसं पाहिलेलंच नसतं.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जर्मनीत एका शिक्षकाला हाच प्रश्न पडला होता. त्याने त्याचं जे उत्तर शोधलं, ते पुढे जगभर पसरलं. आज आपण त्याच्याच घरांत उतरत उतरत जर्मनीचा एक कोपरा पाहणार आहोत. चला, बॅगा भरा!

कोलोन : नदीपलीकडची खोली

आपला पहिला मुक्काम ऱ्हाईन नदीकाठच्या कोलोन शहरात. रेल्वेस्टेशनच्या दारातून बाहेर पडलं की समोर एकदम आभाळात घुसलेले दोन काळपट मनोरे दिसतात. मान मागे टाकावी तरी टोक दिसत नाही. हे कोलोनचं कॅथेड्रल, म्हणजे मोठं चर्च. उंची १५७ मीटर.

याची पायाभरणी झाली १२४८ साली. आणि बांधून पूर्ण कधी झालं असेल? १८८० साली! मध्ये सुमारे तीनशे वर्षं काम बंदच पडलं होतं. अर्धवट मनोऱ्यावर दगड उचलायची लाकडी क्रेन तशीच उभी राहिली होती. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा, सगळ्यांनी ते अर्धं बांधकामच पाहिलं. दुसऱ्या महायुद्धात शहराचा मोठा भाग बेचिराख झाला. कॅथेड्रललाही बॉम्ब लागले, पण ते उभं राहिलं.

पायांत बळ असेल तर दक्षिण मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या चढा. वाटेत एक प्रचंड घंटा लागते. वजन सुमारे २४ टन! तिथले लोक तिला लाडाने ‘जाडा पीटर’ म्हणतात.

आता रात्रीची सोय. स्टेशनजवळच्या पुलावरून चालत नदी ओलांडायची. पुलाच्या जाळीला लोकांनी हजारो कुलपं लावून ठेवलेली आहेत, ती बघत बघत पलीकडच्या डॉइट्झ भागात पोचायचं. तिथे आहे आपलं ‘युगेंडहेरबेर्गे’. घाबरू नका, शब्द मोठा असला तरी अर्थ सोपा आहे. युगेंड म्हणजे तरुण मुलं आणि हेरबेर्गे म्हणजे उतरायची जागा. आपण त्याला यूथ हॉस्टेल म्हणतो. मुलांची धर्मशाळाच म्हणा ना!

पण इथे कुणी तुमची बॅग उचलणार नाही, बरं का. खोलीत एकावर एक पलंग. वरचा पलंग कुणाला, यावरून भांडण होणारच. ते गुरुजी-बाई येण्याआधी मिटवा. पलंगावर नुसती गादी, उशी आणि दुलई. चादर, उशीचा अभ्रा आणि दुलईची खोळ आपण घ्यायची आणि आपणच घालायची. दुलईला खोळ घालणं म्हणजे मोठी करमणूक असते. पहिल्या दिवशी निम्मी मुलं दुलईऐवजी स्वतःच खोळीत शिरतात! निघायच्या दिवशी सगळं काढून ठरलेल्या जागी टाकायचं.

सकाळच्या न्याहारीला तऱ्हेतऱ्हेचे पाव, लोणी, जॅम, चीज आणि दूध. संध्याकाळचं जेवण लवकर असतं. शाकाहारी असाल तर गटाचं आरक्षण करतानाच तसं कळवायला हवं, म्हणजे ऐन वेळी नुसत्या पावावर राहायची पाळी येत नाही. जेवण झालं की आपलं ताट आपण नेऊन ठेवायचं. कचरासुद्धा वेगवेगळा टाकायचा. कागद एकीकडे, प्लॅस्टिक दुसरीकडे. पाण्याची रिकामी बाटली मात्र फेकू नका. बहुतेक बाटल्यांवर अनामत रक्कम असते. दुकानातल्या यंत्रात बाटली सरकवली की ती परत मिळते.

रात्री दहानंतर शांतता. आणि इथे अडचण अशी, की जूनमध्ये साडेनऊ वाजून गेले तरी बाहेर उजेड असतो. झोप येणार कशी? शिवाय तुमच्या पोटातलं घड्याळ अजून भारतातलंच. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यामागे साडेतीन तास असते, हिवाळ्यात साडेचार.

बाखाराख : किल्ल्यात मुक्काम

दुसऱ्या दिवशी आगगाडीने ऱ्हाईनच्या काठाकाठाने दक्षिणेला निघायचं. खिडकी मात्र नदीच्या बाजूची पकडा. दोन्ही तीरांवर डोंगर, उतारांवर द्राक्षांचे मळे, आणि प्रत्येक वळणावर एक तरी किल्ला. नदीतून मालाने भरलेल्या लांबलचक बोटी चाललेल्या असतात. ऱ्हाईनचा हा मधला टप्पा २००२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला.

वाटेत लोरेलायचा कडा दिसतो. नदीपासून १३२ मीटर उंच. इथे पात्र अरुंद आणि वळण अवघड, म्हणून पूर्वी नावा आपटायच्या. लोकांनी त्याची कथा रचली, की कड्यावर बसून एक सुंदर मुलगी गाते आणि नावाडी भान विसरतात. पुढे काउब गावापाशी नदीच्या मधोमध, खडकावर, जहाजासारखा एक छोटा किल्ला उभा आहे. आपला जंजिरा नाहीतर सिंधुदुर्ग पाहिलेल्यांना तो चिमुकलाच वाटेल. पण त्याचं काम ठाऊक आहे? जकात! नदीतून जाणाऱ्या बोटींकडून तिथे कर वसूल करत.

मग येतं बाखाराख. गावावरच्या टेकडीवर श्टालेक नावाचा किल्ला आहे. १६८९ साली फ्रेंच सैन्याने तो उद्ध्वस्त केला आणि पुढे दोन शतकांहून अधिक काळ तो पडकाच होता. १९२० नंतरच्या वर्षांत तो पुन्हा उभा केला. कशासाठी? राजासाठी नाही, सरदारासाठी नाही. सहलीला आलेल्या मुलांसाठी! आज तिथे यूथ हॉस्टेल आहे. ज्या भिंतींआड सरदार राहत, तिथे तुम्ही वरच्या पलंगावर लोळत खिडकीतून ऱ्हाईन बघू शकता. फक्त गावातून चढ चढताना पाठीवर बॅग असते, एवढं लक्षात ठेवा. नको तेवढे कपडे भरणाऱ्यांना तिथे चांगलाच धडा मिळतो!

अल्टेना : पेंढ्यावरची रात्र

आता शेवटचा मुक्काम. कोलोनला परत येऊन हागेनमार्गे अल्टेनाला जायचं. लेन्ने नदीच्या अरुंद खोऱ्यात वसलेलं हे लहानसं गाव. या गावाचा पूर्वापार धंदा म्हणजे तार ओढणं. लोखंडाची कांब आधी मोठ्या भोकातून, मग लहान, मग त्याहून लहान भोकातून ओढत ओढत बारीक तार करायची. त्या तारेच्या कड्या गुंफून योद्ध्यांची चिलखतं बनत. गावात तारेचं वेगळं संग्रहालयच आहे.

गावाच्या डोक्यावर आठशेहून अधिक वर्षांचा जुना किल्ला आहे. चालत जाता येतं, किंवा २०१४ पासून डोंगराच्या पोटातून थेट वर नेणारी लिफ्टही आहे. आपण ज्यांच्यासाठी इथवर आलो, ते इथे भेटतात. त्यांचं नाव रिखार्ड शिरमान. आपण त्यांना शिरमान गुरुजी म्हणू.

गुरुजींचा जन्म १८७४ सालचा. आधी ते गेल्सेनकिर्शेन या कोळशाच्या खाणींच्या शहरात शिकवत. धुराड्यांच्या सावलीत वाढणारी ती मुलं! झाड, ओढा, डोंगर हे त्यांना पुस्तकातलेच शब्द. १९०३ साली गुरुजी अल्टेनाला आले. मुलांना वर्गाबाहेर न्यायचं आणि चालता चालता शिकवायचं, ही त्यांची पद्धत होती.

१९०९ च्या ऑगस्टमध्ये ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आठ दिवसांच्या पायी सहलीला निघाले. २६ ऑगस्टला ब्र्योल नदीच्या खोऱ्यात त्यांना जोरदार वादळाने गाठलं. कडाडणाऱ्या विजा, धो धो पाऊस आणि बरोबर लोकांची मुलं! अखेर एका खेड्यातल्या शाळेत आसरा मिळाला. बाक बाजूला सारले, जमिनीवर पेंढा पसरला. दमलेली मुलं बाहेरच्या गडगडाटातही झोपी गेली. गुरुजी मात्र जागे होते. त्या रात्री त्यांच्या मनात विचार आला, की सुट्टीत गावोगावच्या शाळा तर कुलूप लावून रिकाम्या पडलेल्या असतात! एका दिवसाच्या चालीवर एकेक शाळा मुलांच्या मुक्कामासाठी उघडली तर? दोन वर्ग पुरे. एक मुलांना, एक मुलींना. बाक बाजूला सारायचे, पेंढ्याच्या गाद्या घालायच्या, आणि सकाळी मुलांनी खोली झाडून, जशी होती तशी करून पुढे निघायचं.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? आपल्याकडे पंढरीच्या वाटेवर वारकरी शाळांतून मुक्काम करतातच की. गड पाहायला गेलेली मुलंही पायथ्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत सतरंजी टाकून झोपतात. अगदी खरं! म्हणून तर ही कल्पना आपल्याला चटकन कळते. पण गुरुजी ती एका रात्रीपुरती ठेवून थांबले नाहीत. त्यांनी सुरुवात आपल्याच शाळेपासून केली, वर्तमानपत्रात लेख लिहिला, लोकांना पटवलं. आणि पहिलं महायुद्ध सुरू होण्याआधीच अल्टेनाच्या किल्ल्यात जगातलं पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल उघडलं.

त्या वेळच्या खोल्या किल्ल्यात आजही जपून ठेवल्या आहेत. जाड लाकडाचे, एकावर एक रचलेले पलंग तिथे बघायला मिळतात. संगमरवर नाही, सोनं नाही. पण तिथे थोडा वेळ उभे राहा. खाणकामगाराच्या मुलालाही डोंगर बघता यावा, म्हणून हे पलंग ठोकले होते. आणि रात्रीचा मुक्काम पुन्हा इथेच, कारण किल्ल्याच्या आवारात आजही यूथ हॉस्टेल चालतं.

खंदकातला नाताळ

गुरुजींची गोष्ट इथे संपत नाही. महायुद्धात त्यांना सैनिक म्हणून जावं लागलं. १९१५ च्या नाताळात ते फ्रान्सच्या सीमेवर व्होज डोंगरात होते. समोरासमोर खंदक, एकीकडे जर्मन, दुसरीकडे फ्रेंच. नाताळच्या घंटा वाजल्या आणि काही वेळ गोळीबार आपोआप थांबला. दोन्हीकडचे सैनिक एकमेकांना भेटले. कुणी काळा पाव दिला, कुणी बदल्यात सिगारेटी दिल्या. मग पुन्हा युद्ध सुरू झालंच. पण ते दृश्य गुरुजींच्या मनातून गेलं नाही. देशोदेशींच्या मुलांना एकत्र राहायची जागा मिळाली, ती एकमेकांना ओळखू लागली, तर पुढे ती एकमेकांवर बंदुका कशा रोखतील?

हा प्रश्न घेऊन त्यांनी युद्धानंतर काम वाढवलं. १९३२ साली अॅमस्टरडॅमला अनेक देशांच्या यूथ हॉस्टेलवाल्यांची परिषद भरली आणि आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. गुरुजी तिचे अध्यक्ष झाले. पण १९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली. तिथली हॉस्टेलं हिटलरच्या युवक संघटनेच्या ताब्यात गेली आणि १९३६ साली गुरुजींना अध्यक्षपदही सोडायला लावलं. सगळ्या देशांच्या मुलांनी एकाच छपराखाली झोपावं, हे त्या सत्तेला कसं रुचणार? दुसरं महायुद्धही झालं. ते संपल्यावर गुरुजी पुन्हा कामाला लागले. १९६१ साली ते वारले. आज एकट्या जर्मनीत सुमारे ४०० यूथ हॉस्टेलं आहेत.

आपलं काय?

पालकांनो, आता थोडं तुमच्यासाठी. मुलांना अशा अभ्याससहलीला पाठवायचं असेल तर तयारी बरीच आधी सुरू करा. मुलाचा स्वतःचा पासपोर्ट लागतो. जर्मनीसाठी शेंगेन व्हिसा लागतो, आणि मूल अज्ञान असल्याने आईवडिलांची लेखी संमतीही लागते. औषधं नेणार असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असू द्या. आणि पैशांइतकीच महत्त्वाची तयारी म्हणजे मुलाला स्वतःचं अंथरूण घालता येतं का, ताट धुता येतं का, बॅग भरता येते का, हे जाण्यापूर्वी घरीच पाहा.

मुलांनो, जर्मनीचं तिकीट सगळ्यांना परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. पण गुरुजींची कल्पना तिकिटावर अडून नव्हती. ती उभी राहिली एका रिकाम्या वर्गावर आणि पेंढ्याच्या भाऱ्यावर. आपल्याकडेही ‘यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था आहे आणि तिच्या हिमालयातल्या पदभ्रमणांना महाराष्ट्रातली मुलं आवडीने जातात. तेही दूर वाटत असेल, तर येत्या सुट्टीत तुमच्या बाईंना किंवा गुरुजींना विचारून बघा, शेजारच्या गावच्या शाळेत एक रात्र मुक्काम करायचा का? जाताना वळकटी आपली आपण न्या. आणि सकाळी निघताना वर्ग झाडून, बाक जिथल्या तिथे लावून ठेवा. त्या शाळेतली मुलं पुढच्या सुट्टीत तुमच्या शाळेत मुक्कामाला यायची आहेत ना!