चीक आणि चिकू

आमच्या मसोली गावी बालपणी 'चीक' हा शब्द घरात तीन ठिकाणी नांदत असे. गाय व्याली की पहिल्या दुधाचा चीक येई व त्याचा खरवस होई. उन्हाळ्यात कुरडयांसाठी भिजवलेल्या गव्हांचा चीक शिजे. आणि वाडीत तोडलेल्या फळाच्या देठातून पाझरणारा पांढरा चीक बोटांना असा बिलगे की तेल चोळल्यावाचून सुटत नसे. ज्यातून चीक गळतो तो चिकू, ही व्युत्पत्ती सर्वांना इतकी स्वयंसिद्ध होती की तिचा दाखला मागणे म्हणजे वडिलांच्या सातबाऱ्यावर संशय घेण्यासारखेच!

कोशकारांचा निवाडा निराळा आहे. हे फळ मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेचे. तेथील नाहुआत्ल भाषेत झाडाच्या डिंकाला 'त्सिक्त्ली' आणि मऊ, गोड फळाला 'त्सापोत्ल' म्हणत. स्पॅनिश विजेत्यांच्या जिभेवर त्यांचे 'चिक्ले' व 'सापोते' झाले आणि गलबतांतून फिलिपाईन्सला उतरलेले फळ तेथे 'चिको' व मलायात 'चिकू' ठरले. कर्नाटक, आंध्र यांच्या वाट्याला 'सपोटा' आला. १८७०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या टॉमस अ‍ॅडम्सने त्याच डिंकापासून चघळण्याचा पदार्थ केला; आमच्या तोंडातले 'चिकलेट' हे नाव त्याच चिकाचे, ही वार्ता तेव्हा कुणी दिली असती तर आम्ही ते अधिक भक्तिभावाने चघळले असते.

त्सिक्त्ली आणि आपला चीक यांत रक्ताचे नाते नाही, निव्वळ योगायोग आहे. तरीही मला राहून राहून कौतुक वाटते ते कलमाचे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर इराणी बागायतदारांनी डहाणू-घोलवडच्या मातीत रुजवलेल्या, आणि २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या या फळाचे कलम बांधतात ते खिरणीच्या खुंटावर. आणि खिरणी म्हणजे संस्कृत क्षीरिणी, दुधाळ झाड. गुजरातीत तिला रायण म्हणतात, तो 'राजादन'चा अपभ्रंश. म्हणजे वरच्या फांदीला ॲझ्टेकांनी आणि खालच्या मुळाला आपल्या पूर्वजांनी, एकमेकांची वार्ताही नसताना, सालीखालचा तोच पांढरा रस पाहून नाव दिले.

सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीत मात्र ऱ्हस्व 'चि' कायम आहे. दिल्लीच्या बाजारात पेट्या उतरल्या की हिंदी पाटीवर तो 'चीकू' होतो. दीर्घ 'ची'मुळे आमची जुनी व्युत्पत्ती तेवढी बळकट होते.