हाताला कळणारा ब्रेक

भोपाळहून इटारसीकडे निघालेली गाडी बरखेड्यापर्यंत पठारावरून निवांत येते. बरखेडा मागं पडलं की सागाचं जंगल रुळांना येऊन भिडतं, वळणं सुरू होतात आणि मिडघाट ओलांडून थेट बुदनीपर्यंत उतार लागतो. पुढं नर्मदेचा पूल. झेलमनं पुण्याला किंवा पंजाब मेलनं मुंबईला जाणाऱ्या भोपाळच्या मराठी घरांना हा तुकडा पाठ असतो. पण डब्यात बसलेल्याला इथं काही जाणवत नाही, आणि तेच चालकाचं खरं यश आहे. चोवीस डब्यांचं वजन दरीकडे झुकलेलं असतं आणि कुणाच्या हातातला चहा हिंदकळत नाही.

ते वजन हाताळणं म्हणजे काय, हे इंजिनात न बसता कळू शकेल का? ट्रेन सिम्युलेटर नावाच्या खेळाकडे मी याच प्रश्नासाठी वळले. माझी नोकरी भेलमध्ये, ट्रॅक्शन मोटरच्या विभागात गेली. भोपाळचा हा कारखाना 1956 सालचा. पिपलानी-बरखेड्याची आमची वसाहत त्याच्याच अंगाखांद्यावर वाढली. (हे बरखेडा वेगळं, घाटाच्या तोंडाशी असलेलं वेगळं.) मोटर कशी गुंडाळायची, कशी तपासायची, हे माझ्या हातांना माहीत होतं. ती गाडीखाली बसल्यावर चालकाच्या हाताला काय सांगते, ते मात्र कधी कळलं नव्हतं.

मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर 2001 साली आला. त्याच्याच वंशातला ओपन रेल्स आज फुकट मिळतो आणि हौशी मंडळींनी त्यासाठी भारतीय इंजिनं, डबे, मार्ग घडवले आहेत. भाच्यानं तो माझ्या संगणकावर बसवून दिला. कीबोर्डवर गाडी चालते, अगदी छान चालते. एक कळ दाबली की जोर वाढतो, दुसरीनं कमी होतो. ब्रेकलाही अशाच दोन कळा. पण कळ दाबणाऱ्या बोटाला आपण किती ब्रेक लावलाय हे कधीच ठाऊक नसतं. ते पाहायला नजर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर न्यावी लागते. तेवढ्यात सिग्नल येतो, वळण येतं, सागाची पानं सळसळत मागं जातात आणि आपण आकडा वाचत बसलेलो असतो. रेल्वेच्या खेळात रेल्वेच बघायची राहून जाते.

म्हणून भाच्यानं पेटी केली. लाकडी खोकं, कबाडखान्यातून आणलेल्या लोखंडी पट्ट्यांचे दोन दांडे, प्रत्येकाच्या बुडाशी एक पोटेन्शिओमीटर आणि आत तळहाताएवढाही नसलेला सर्किट बोर्ड. दांडा कुठं आहे ते बोर्ड वाचतो आणि खेळाला कळवतो. ओपन रेल्सचा कोड खुला असल्यामुळे मधला सांधा त्याला स्वतःच जुळवता आला. ब्रेकच्या दांड्याखाली त्यानं पितळेची पट्टी बसवली, तिला कानसीनं खाचा पाडल्या आणि त्यांत स्प्रिंगनं दाबलेली सायकलच्या बेअरिंगमधली गोळी अडकवली. दांडा सरकवला की खट्, पुढं आणखी एक खट्. मला विचाराल तर सगळ्या पेटीत मोलाची वस्तू ती गोळी. डोळे मिटूनही हाताला कळतं की आपण दुसऱ्या खाचेत आहोत.

आपल्या इंजिनात गाडीचा ब्रेक ए-नाइन नावाच्या दांड्यावर असतो. गाडीच्या पूर्ण लांबीच्या नळीत पाच किलोचा हवेचा दाब भरलेला असतो आणि तो दाब कमी करणं म्हणजेच ब्रेक लावणं. पहिल्या खाचेत दाब साधारण साडेचारवर येतो, फुल सर्व्हिसला साडेतीनच्या आसपास, आणि इमर्जन्सीला सगळी हवा बाहेर. म्हणजे इथं दांड्याची जागा हाच दाब. एक जागा, एक दाब, आणि दोन्ही हाताला ठाऊक. कीबोर्ड हे नातं तोडतो आणि पेटी ते परत जोडते. खास कंट्रोलरनं खेळ सुधारतो का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ‘हो’ असं आहे, आणि ते मुख्यतः या एका दांड्यामुळे आहे.

आमच्या शेजारी इटारसीहून निवृत्त झालेले एक लोको पायलट राहतात, मूळचे भुसावळचे. त्यांना पेटी दाखवली. खुर्चीत बसल्यावर त्यांनी आधी दांडा नुसताच दोनदा मागंपुढं केला, मग म्हणाले, “वहिनी, ब्रेक लावायला कुणीही लावेल. सोडायचा कधी, ते शिकायला वर्षं जातात.”

त्यांनी ते समजावूनही दिलं. मालगाडीला पूर्ण ब्रेक लागायला अठरा ते तीस सेकंद जातात आणि सुटायला पंचेचाळीस ते साठ. प्रवासी गाडीत लागायला तीन ते पाच, सुटायला पंधरा-वीस. अठ्ठावन्न वाघिणींची मालगाडी घाटात उतरताना तुम्ही आत्ता दांडा मागं घेतलात तर शेवटची वाघीण मोकळी होईतो मिनिट जाऊ शकतं; आणि घाईनं पुन्हा ब्रेक लावायचा तर नळीत आणि टाक्यांत हवा पुरेशी भरलेली नसते. घाटातली भीती ही. त्यामुळे चालक नेहमी पुढच्या मिनिटात जगतो. दांडा हलतो आता, गाडी ऐकते नंतर, आणि मधल्या वेळात हात स्थिर ठेवायचा असतो. त्यांनी मिडघाटाच्या उतारावर खेळातली मालगाडी उतरवली तेव्हा मी पडद्याऐवजी त्यांचा उजवा हात पाहत होते. अंगठा दांड्याच्या टोकावर टेकलेला, बोटं सैल. बराच वेळ काहीच हललं नाही. मग एक खट्.

इथं एक अट आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते. ज्या खेळात नळीतल्या हवेचा हिशेबच नाही, ब्रेक दाबताक्षणी गाडी मोटारीसारखी थांबते, तिथं कितीही महागडा दांडा आणलात तरी व्यर्थ. दांडा जे सांगेल ते ऐकणारी गाडी आत असावी लागते. मोबाइलवरच्या खेळांना मी नावं ठेवत नाही, मुलांना त्यातून इंजिनांची ओळख होते. पण ब्रेकचा अभ्यास तिथं होत नाही.

दुसरं असं, की दांडा इंजिनाला शोभणारा हवा. बाजारात रेलड्रायव्हर नावाचा तयार कंट्रोलर बरीच वर्षं मिळतो. मजबूत आहे, पण त्याची घडण अमेरिकन मालगाडीच्या इंजिनावर बेतलेली. जपानमध्ये 1996 साली ‘डेन्शा दे गो’ आला. त्याच्या आर्केड यंत्राला लोकल गाडीचे दांडे होते. पुढं घरच्या खेळासाठीही तसेच कंट्रोलर निघाले आणि जपानी माणसाला आपल्या रोजच्या लोकलचीच मूठ हातात मिळाली. आपल्या डब्ल्यूएपी-7 इंजिनात जोराचा आणि विद्युत ब्रेकचा दांडा एकच: शून्याच्या एका बाजूला ओढ, दुसऱ्या बाजूला रोध. रोधाकडे नेला की मोटर जनित्र होते आणि उतारावरच्या गाडीचं वजन पंचवीस हजार व्होल्टच्या तारेत वीज परत पाठवतं. माझ्या विभागाचं सगळं शास्त्र त्या एका हालचालीत आहे. भाच्याच्या पेटीवर तो दांडा पहिल्यांदा शून्यापलीकडे नेला तेव्हा मला जो आनंद झाला तो खेळाचा नव्हता, ओळखीचा होता.

जुन्या डब्ल्यूएपी-4 ची गोष्ट मात्र उलटी. त्यात बत्तीस नॉचचा टॅप चेंजर. चालकानं दांडा ‘अधिक’कडे ढकलायचा आणि मधल्या जागी परत आणायचा, की एक नॉच चढतो, पुन्हा ढकलला की पुढचा. म्हणजे तिथं जोराच्या बाबतीत कीबोर्डची कळ मूळ इंजिनाशी अधिक प्रामाणिक आहे. शेजारच्या काकांनी हे क्षणात ओळखलं. त्या इंजिनासाठी ते डाव्या हाताला कीबोर्ड आणि उजव्या हाताला पेटीतला ब्रेक घेतात.

पेटीत जे नाही तेही मोठं आहे. पायाखालचं पीव्हीईएफ नावाचं पेडल नाही, ज्यानं गाडीला ब्रेक असताना इंजिनाचा सोडता येतो. शेजारी बसून सिग्नलचा रंग मोठ्यानं म्हणणारा असिस्टंट नाही. ‘सी/फा’ची, म्हणजे पुढं फाटक आहे, शिट्टी वाजवा असं सांगणारी, पिवळी पाटी पडद्यावर दिसते, पण त्या फाटकापलीकडे कुणाचं पोर उभं नसतं. जुलै 2024 मध्ये याच घाटात, मिडघाटाजवळ, वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडले; एक जागीच गेला आणि जखमी दोघांना भोपाळला आणायला खास एका डब्याची गाडी सोडली होती. तेही पुढं वाचले नाहीत. ही बातमी वाचल्यापासून भोंग्याच्या बटणाकडे मी वेगळ्या नजरेनं बघते. भाच्याला सांगून ते मोठं आणि हाताशी बसवून घेतलं.

साताऱ्याच्या सुरेखा यादव 1989 मध्ये रेल्वेत असिस्टंट चालक म्हणून लागल्या आणि 2011 च्या महिला दिनी त्यांनी डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला नेली, म्हणजे कर्जतच्या वर एकास सदतीस चढ असलेला बोरघाट त्या दिवशी त्यांच्या हाताखालून उतरला. त्या हातात किती वर्षं मुरली असतील! पेटीनं ती येत नाहीत. पण ती कशाची वर्षं असतात, एवढं पेटी दाखवते, आणि मला तेवढं हवं होतं.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी 1998 साली छोट्या रेल्वेचं संग्रहालय उभं केलं, तिथं एका माणसाच्या हौसेतून अख्खं गाव रुळांवर चालतं. तेवढी चिकाटी आपल्याकडे आहे. मग भारतीय इंजिनाची मूठ बाहेरून का मागवायची? गोविंदपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत ए-नाइनच्या मापाचा दांडा ओतून देणारे, पितळी पट्टीला अचूक खाचा पाडणारे कारागीर आहेत. भाच्यानं कागदावर नकाशा काढला आहे, काकांनी त्यावर पेन्सिलीनं खाचांमधली अंतरं दुरुस्त केली आहेत. पहिल्या खाचेनंतरची जागा थोडी रुंद हवी, असं त्यांचं म्हणणं आहे, कारण घाटात हात सगळ्यात जास्त वेळ तिथंच थांबतो.