गंजका पाइप

रात्री अडीचला थ्रीडी प्रिंटरच्या एक्स्ट्रूडरची टकटक सुरू झाली की मी अंथरुणातूनच ओळखतो, रीळ अडकलं. नऊ तास चाललेलं काम, वरच्या थरांत भेगा आणि दात्यांनी चघळून भुगा केलेली 1.75 मिलिमीटरची तार. नव्या घरात आल्यापासून ही सहावी वेळ. नोझल, तापमान, पट्टे, सगळं तीनतीनदा तपासून झालं. दोष आहे तो रीळ धरणाऱ्या दांडीत.

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीत प्रिंटर माळ्यावर होता. माळ्याच्या तुळईला तारेने बांधलेला एक इंची गंजका पाइप, त्यावर रीळ अडकवलेलं. काम चालायचं, पण सुरुवातीला मला ते कमीपणाचं वाटायचं. फिटर माणूस मी! नागदेवी स्ट्रीटवरून 608 नंबरची बेअरिंगं आणली, दांडी बसवली, रिळाला टिचकी मारली. फिरतंय, फिरतंय, थांबायचं नाव नाही. त्याचा व्हिडिओ काढून सगळ्यांना पाठवला.

आईने नुसतं बोट लावून ते थांबवलं. "एवढं मोकळं कशाला सोडलंस? लोंबेल, मग गुंतेल. आमच्या खात्यात नायकिणीने कान उपटले असते." नायकीण म्हणजे खात्याची मुकादम बाई; आई गिरणीत वायंडिंगला होती, 18 जानेवारी 1982 ला संप लागला तोपर्यंत. मी हसलो. त्याच रात्री गुंता झाला.

यंत्र तार हिसक्याहिसक्याने ओढतं, मध्येच थोडी मागे घेतं. ते थांबलं तरी किलोभर माल अंगावर असलेलं रीळ थांबत नाही. एक वेढा सैल पडतो, शेजारच्या वेढ्याखाली सरकतो आणि तासाभराने तिथेच फास बसतो. म्हणून ब्रेक हवा. फेल्टची चकती लावून पाहिली. भरल्या रिळाला बेताची होते, पण तार संपत येते तसा वेढ्याचा घेर लहान होतो. सुरुवातीला मध्यापासून 10 सेंटीमीटरवरून सुटणारी तार शेवटी 4 वरून सुटते, तीच चकती अडीचपट जड लागते आणि पुन्हा टकटक. गंजक्या पाइपाला हे आपोआप जमायचं. तिथे घासण वजनाची. रीळ भरलेलं तेव्हा जास्त, रिकामं होत जाईल तशी कमी. स्क्रू नाही, स्प्रिंग नाही. हा हिशोब मी आमच्या ग्रुपवर रेखाचित्रासकट टाकला, वाहवा घेतली. आईच्या बोटाचा उल्लेख केला नाही. ती ते वाचणार नव्हतीच, हेही मनात होतं.

चाळींच्या जागी बांधलेल्या नव्या इमारतींच्या पहिल्या 556 चाव्या 14 ऑगस्ट 2025 ला दिल्या, त्यात आमची होती. आई त्याआधी दोन महिने गेली. 500 चौरस फूट, गुळगुळीत भिंती, वास्तुशांतीला पाहुणे येणार. तो पाइप मी स्वतःच्या हाताने भंगारवाल्याला दिला, किलोच्या भावाने. टेबलावर चकचकीत स्टीलची दांडी लावली आणि खणातली तीच जुनी बेअरिंगं. पाहुण्यांना दिसावं म्हणून. कोणीही तिकडे पाहिलं नाही.

तेव्हापासून तीच घासण शोधतोय. पीव्हीसी पाइप रात्री गार आणि दुपारी तापलेला, वागणं वेगळं. नवा लोखंडी पाइप आणून पॉलिश पेपरने खरवडला. पहिल्या आठवड्यात ठीक, नंतर रीळच त्याला घासून गुळगुळीत करतं. मिठाच्या पाण्यात घालून गंज आणला, तो भुसभुशीत निघाला. भुगा तारेला चिकटून नोझल बुजली. समुद्राची हवा इतक्या वर्षांत लोखंडाला जे करते ते बादलीत होत नाही. त्याच हवेने तार मात्र महिन्याभरात दमट होऊन काडीसारखी तुटते!

लालबागचा एक पोरगा गणपतीचे मुकुट छापतो. त्याचं यंत्र बंद पेटीचं, रीळ झाकणाआड. काम माझ्यापेक्षा साफ, हे कबूल. पण अडकलं की तो कंपनीला फोन लावतो, तार हातात धरत नाही. मला त्याचा राग येतो. त्यातला निम्मा मत्सर असावा. त्याचं अडकतही क्वचितच.

वरळीत अजून काही चाळी उभ्या आहेत. खोली रिकामी करताना माळ्यावर एक इंची गंजका पाइप सापडला, हातभर जरी असला, तर भंगारात घालू नका. मी येऊन घेऊन जाईन.