सौताड्याची वाट आणि मांडीवरचा नकाशा

गाडी घेतली तेव्हापासून आमच्याकडे कामांची वाटणी ठरलेली होती. ह्यांनी गाडी चालवायची, मुलांनी मागं बसून भांडायचं आणि मी पुढं बसून मांडीवर नकाशा धरायचा. घड्या घालून घालून तो फाटायला आला, तेव्हा मी त्याला मागून कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या.

मग फोनमधली बाई आली. "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा," असं ती म्हणाली की हे निमूट वळतात. तेच मी सांगितलं असतं तर "तुला नक्की माहीत आहे ना?" असं दोनदा विचारलं असतं! नकाशा गेला गाडीच्या कप्प्यात, कागदपत्रांच्या खाली.

गेल्या भाद्रपदात आम्ही अंबाजोगाईहून सौताड्याला गेलो. वाट अगदी सोपी. केज, नेकनूर, मांजरसुंबा, पाटोदा आणि मग सौताडा. बीड जिल्हा म्हटलं की लोकांना दुष्काळच आठवतो. पण पावसाळ्यात बालाघाटाचे हे डोंगर एकदा पाहावेत. सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून खाली कोसळते आणि खाली दरीत रामेश्वराचं देऊळ. तिथं बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मुलांचा पाय निघेना, त्यामुळे निघायला उशीरच झाला.

परतताना पाटोदा मागं पडलं आणि बाई बोलली, "उजवीकडे वळा." मांजरसुंब्याला न जाता पंधरा मिनिटं वाचणार होती. मी म्हटलं, "अहो, आलो त्याच रस्त्यानं जाऊ." पण हे वळले.

आधी डांबर, मग खडी, मग दोन्ही बाजूंना तुरी आणि मधे चाकोरी. थोड्या वेळानं रेंज गेली. पडद्यावर नुसता करडा चौकोन आणि त्यात आमचा निळा ठिपका! आणि समोर फरशी पूल. त्याच्यावरून गढूळ पाणी वाहत होतं.

"घोटाभरच दिसतंय. काढू का गाडी?" ह्यांनी विचारलं. माझ्या पोटात गोळा आला. तेवढ्यात शेरडं घेऊन एक म्हातारी आली.

"कुठं चालले, माय? वर लई पाऊस झालाय. पाणी वाढतंय आन् कड खचलीय फरशीची. लेकरं हायेत गाडीत, माघारी फिरा."

आता मी नकाशा काढला. आमच्या भागाला पाणी देणारी मांजरा ह्याच पाटोदा तालुक्यात उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाते. आपला मोठा रस्ता तिच्या उत्तरेला. म्हणजे आम्ही वळलो ते दक्षिणेला, नदीच्या अंगाला. जितकं पुढं जाऊ तितके ओढे आडवे येणार. "मावळता सूर्य डाव्या हाताला ठेवा," मी म्हटलं, "म्हणजे उत्तरेला जाल. रस्ता लागेलच." ह्या वेळी ह्यांनी एकदाही "नक्की ना?" असं विचारलं नाही. अर्ध्या तासात एसटीचे दिवे दिसले.

घरी आल्यावर मुलानं विचारलं, "रेंज नव्हती, तरी ठिपका कसा दिसत होता?" त्याचं उत्तर असं, की ठिपका येतो सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की फोन आपली जागा काढतो. त्याला रेंज लागत नाही. रेंज लागते ती खालचं नकाशाचं चित्र आणायला. आणि फरशीवर आत्ता पाणी आहे, हे त्या उपग्रहांना कुठून कळणार? ते म्हातारीलाच ठाऊक.

म्हणून मी फोनला नावं ठेवत नाही. अनोळखी शहरात, रात्री दवाखाना शोधताना त्याच्यासारखा सोबती नाही. पण निघण्याआधी दशम्यांबरोबर एवढंही करावं: त्या भागाचा नकाशा घरीच फोनमध्ये उतरवून घ्यावा. चार्जर घ्यावा. कागदी नकाशावर मोठे रस्ते आणि नद्या एकदा मुलांकडून बोटानं गिरवून घ्याव्यात. फोन मोठा रस्ता सोडायला सांगू लागला, तर पहिल्याच वस्तीवर काच खाली करून विचारावं. आणि फरशीवरून पाणी वाहत असेल तर ते कितीही थोडं दिसो, गाडी घालू नये.

फोन पुढचं वळण सांगतो. आपण कुठं आहोत आणि भोवती काय आहे, ते नकाशा सांगतो. दोघांचं भांडण लावायचं कारण नाही.

परवा परळीला निघालो. बाई म्हणाली, "डावीकडे वळा." ह्यांनी गाडी हळू केली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुझा नकाशा काय म्हणतो?"